अकराची पहिली बेल

अकरा नंबरची खोली वाईट आहे, हे मला कामावरच्या पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. इमर्जन्सीचा ट्रे कुठे असतो, ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी कुणाकडे असते, हे कुणी सांगितलं नाही. ते माझं मी शोधून काढलं. पण अकराचं सांगायला मात्र तिघी जणी हातातलं काम टाकून आल्या.

मी धुळ्याला नर्सिंग केलं आणि लग्नानंतर सुरतला आले. नवरा पर्वत पाटियाच्या एका कापडाच्या पेढीत हिशेब लिहायचा. त्याच्याच शेठच्या ओळखीनं मला त्या भागातल्या एका खाजगी हॉस्पिटलात लावून घेतलं. प्लेगची साथ होऊन गेल्यानंतरची ती वर्षं. खाली ओपीडी आणि ऑपरेशन थिएटर, वरच्या मजल्यावर खोल्या. जिन्याच्या तोंडाशी आमचं काउंटर आणि पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला, बाथरूमच्या भिंतीला चिकटून, अकरा.

त्या मजल्यावर राज्य होतं ते सिनियर सिस्टरचं. बाई नवसारीकडच्या. हात चांगला होता, लहान मुलाची शीरसुद्धा एका झटक्यात सापडायची, हे मी नाकारत नाही. पण डोक्यात जे भरलं होतं ते भरलं होतं. ड्यूटीवर ‘आज शांत आहे’ म्हणायचं नाही. रिकामी कात्री उघडझाप करायची नाही. पेशंट घरी निघाला की ‘या’ म्हणायचं नाही. शनिवारी कुणाला सोडायचं नाही, आणि एखादा अगदी जायच्या बेतात असला तर चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारायची, म्हणजे तो आपली ड्यूटी संपेपर्यंत टिकतो. पुढच्या पाळीतली आली की ही गाठ सोडून घरी जाणार. मला ती गाठ मारायला सांगितली तेव्हा मी म्हटलं, मला फक्त बँडेज बांधता येतं. तेव्हापासून आमचं जे बिनसलं ते शेवटपर्यंत.

तापट पेशंटांबद्दलही त्यांचं एक शास्त्र होतं. जो कटकट करतो त्याला काही होत नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. यावरून पुढचं आपोआपच ठरे, की कटकट्या माणसाच्या बेलला धावायची गरज नाही. तो वाजवतोय म्हणजे जिवंत आहे!

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे अकराची बेल. काउंटरच्या मागे भिंतीवर एक लाकडी बोर्ड होता, त्यावर खोल्यांचे नंबर आणि प्रत्येक नंबरखाली लाल दिवा. पेशंटनं पलंगाशेजारचं बटण दाबलं की घंटी वाजायची आणि दिवा लागायचा, आणि खोलीत जाऊन बंद करेपर्यंत तो लागलेलाच राहायचा. अकरामध्ये कुणीतरी वारलं होतं, खोली धुऊन बंद केली होती, आणि नंतर त्या रिकाम्या खोलीची घंटी वाजली होती. कोण वारलं, ते दर वेळी बदलायचं. कधी बाळंतीण, कधी जरीवाला, कधी प्लेगचा संशयित. भिंतीपलीकडे बाथरूम, भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा, त्यात विजेची वायर. ती घंटी वाजली नसती तरच नवल. पण ओल कुणाला पाहायची होती? नियम ठरून गेला होता: अकराच्या पहिल्या बेलला उठायचं नाही. ती पेशंटची नसते. दुसरी वाजली तर जायचं.

मला हे कुठून आलं ते कळत होतं. आमच्या खानदेशातही तिन्हीसांजेला बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माझी आईसुद्धा देत नसे. पण माझी आई ओसरीत बसलेली असायची, तिच्या अंगावर पांढरा युनिफॉर्म नसायचा आणि हाक मारणाऱ्याच्या पोटात टाके नसायचे. एवढा फरक या बायकांना कळू नये, याचा मला इतका राग यायचा की मी अकराची घंटी वाजली की मुद्दाम खुर्ची सरकवून, आवाज करून उठायची. माझ्या मागे त्या काहीतरी पुटपुटायच्या. नंतर माझ्या डब्यातलं कुणी खाईनासं झालं. मी म्हटलं बरं झालं, माझी भाजी मला पुरेल.

अकरामध्ये माणसं जास्त जायची, हे खरं होतं. का जाणार नाहीत? काउंटरपासून सगळ्यांत लांब खोली, पश्चिमेची तापलेली भिंत आणि बोलावल्यावर न येणाऱ्या नर्सेस. यात भुताला करण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं आम्ही.

पावसाळा संपता संपता दहा नंबरला एक म्हातारे गृहस्थ आले. नाशिककडचे, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, मुलगा हजीऱ्याच्या कारखान्यात इंजिनियर. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं. खरं तर त्यांना अकरा द्यायची होती. पण कुठल्यातरी आयाबाईच्या तोंडून त्यांनी खोलीची ख्याती ऐकली आणि पॅसेजमध्ये असा काही तमाशा केला की शेवटी दहा रिकामी करून दिली. मग त्यांनी बेल वाजवायला सुरुवात केली. पंखा मोठा करा. पंखा लहान करा. पडदा ओढा. चहात साखर आहे. चहात साखर नाही. आलेल्या नर्सला आधी आडनाव विचारायचे आणि ते ऐकून पाणी प्यायचं की नाही ते ठरवायचे. मला म्हणाले, “धुळ्याच्या का? तरीच.” तरीच काय, ते सांगितलं नाही. मीही त्यांचं इंजेक्शन त्या दिवशी फार हळू दिलं नाही.

सिनियर सिस्टर एका सकाळी वैतागून सगळ्या खोल्यांमधून फिरल्या. दहाच्या दारात उभं राहून, पॅसेजभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बेल एक ही बार बजाने का! बार-बार नहीं. हम लोग बहरे नहीं हैं.” आणि मग तसंच शेजारी अकरामध्ये जाऊन सांगितलं. एकदाच वाजवायची. ज्या खोलीच्या पहिल्या बेलला ही बाई स्वतः उठत नव्हती, त्या खोलीत जाऊन हिनं हे सांगितलं. मी मागे ट्रे धरून उभी होते. मी म्हटलं, “सिस्टर, एकदाच वाजवली तर तुम्ही जात नाही, आणि दोनदा वाजवायची नाही. मग या खोलीतल्या पेशंटनं करायचं काय?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते.

अकरामध्ये तेव्हा एक बाई होती. पारोळ्याकडची, माझ्याच वयाची असेल. नवरा भेस्तानला लूम चालवायचा. गर्भाशय काढायचं ऑपरेशन ठरलं होतं. तिला अकरा दिली, तिनं घेतली. कुणी काही दिलं तर ते घ्यायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. माझी अहिराणी ऐकून तिचा चेहरा उजळला आणि मग त्या आनंदाचीही लाज वाटून तिनं पदर तोंडाला लावला. ऑपरेशन सकाळी झालं. तिला वर आणलं, ती शुद्धीवर आली, मी तिची नाडी आणि प्रेशर पाहिलं, बटण तिच्या उजव्या हाताशी आहे हे दाखवलं. “काही वाटलं तर दाबजो,” म्हटलं. तिनं मान हलवली. सोबतीला नणंद होती.

दुपारी मला थिएटरमध्ये बोलावलं. दुसरी केस होती, तिला उशीर लागला. ती आटोपून मी वर आले तेव्हा भेटीची वेळ संपून पॅसेज रिकामा झाला होता. काउंटरवर सिनियर सिस्टर आणि आणखी एक जण गॉजच्या घड्या घालत बसल्या होत्या. गप्पा चालल्या होत्या. बोर्डवर दोन दिवे लागलेले होते, दहा आणि अकरा. दहाची घंटी वाजतच होती, थांबून थांबून, चिडून. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“अकराचा दिवा कधीचा लागलाय?” मी विचारलं.

“पहेली छे, बेस,” सिनियर सिस्टर म्हणाल्या. मी वळले हे पाहून त्यांनी पुढे सांगितलं, “बीजी वागे पछी जजे.” पहिलीच आहे, बस; दुसरी वाजली की जा. हे त्या किती सहज म्हणाल्या ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. हातातली घडीसुद्धा मोडली नाही.

तेवढ्यात दहाचं दार उघडलं आणि म्हातारबुवा बाहेर आले. एका हातात लघवीची पिशवी, दुसऱ्या हातानं लुंगी धरलेली, चेहरा लालबुंद. “बहिऱ्या आहात का सगळ्या? केव्हापासून बेल वाजवतोय! त्या बाजूच्या बाईला आवरा. मघाशी पेला पाडला. आता कण्हत बसली आहे. माणसानं झोपायचं कसं?”

कुणाला वाटेल त्यांना तिची काळजी वाटली. अजिबात नाही. त्यांची दुपारची झोप मोडली होती, एवढंच. ती मेली असती आणि आवाज न करता मेली असती तर त्यांची काही तक्रार नव्हती. पण त्या मजल्यावर तिचं कण्हणं ऐकून जागेवरून हललेला माणूस तेवढा एकच होता, हेही खरं.

मी धावले. अकरामध्ये नणंद नव्हती. मुलांना खायला घालायला घरी गेली होती. स्टीलचा पेला जमिनीवर पडलेला, पाणी सांडलेलं. ती पांढरीफटक पडली होती, कपाळावर गार घाम. पांघरूण बाजूला केलं तर खालची चादर रक्तानं भिजली होती. गादीतून खाली थेंब पडत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ताई, चादर खराब व्हई गयी. मी धोई दिसू.”

मी दारातून ओरडले. तशी मी आयुष्यात पुन्हा ओरडले नाही. पलंगाच्या पायाकडच्या बाजूखाली विटा सरकवल्या, सलाइन पूर्ण सोडलं, नाडी पाहिली तर ती हाताला लागेना. आता मात्र सिनियर सिस्टर धावत आल्या, आणि आल्यावर त्यांचे हात नेहमीसारखे झरझर चालले. दुसऱ्या हातातली शीर त्यांनीच शोधली. मला ते पाहून आणखी राग आला. एवढं येत होतं बाईला, आणि बाई बाहेर घड्या घालत बसली होती.

तिला परत थिएटरमध्ये नेलं. आतली एक बांधलेली रक्तवाहिनी सुटली होती. नवऱ्याला लूमवरून बोलावून आणलं. अंगावर कापसाची धूळ तशीच घेऊन तो आला, त्याचं रक्त जुळलं, ते घेतलं, आणखी बाटल्या मागवल्या. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “वाचेल.” मी जिन्यावर बसून रडले. आनंदानं नाही, संतापानं. अजून थोडा वेळ त्या दुसऱ्या घंटीची वाट पाहत बसल्या असत्या, तर दुसरी घंटी कधीच वाजली नसती, आणि मग खोलीनं आणखी एक घेतली म्हणून यांच्या गप्पांना एक गोष्ट वाढली असती.

मी डॉक्टरांकडे गेले. ते हॉस्पिटलचे मालकही होते. म्हटलं, बेल वाजली होती, दिवा लागला होता, कुणी गेलं नाही. हा पहिल्या बेलचा मूर्खपणा बंद करा. त्यांनी सिनियर सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, “साहेब, वो रूम ही ऐसा है.” मला वाटलं आता फटकारतील. डॉक्टर म्हणाले, “झोपल्यावर पेशंटचे पाय दक्षिणेला येतात का त्या खोलीत?”

पाय दक्षिणेला येत होते. पलंग फिरवायचा हुकूम निघाला. माणसाचं पोट उघडून परत शिवणारा हा माणूस! दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयनी तिच्यासकट पलंग फिरवला, दारावर लिंबू-मिरची टांगली, आणि सगळे समाधानानं निघून गेले. बेलचं बटण भिंतीवर जिथे होतं तिथेच राहिलं. आता ते तिच्या पायांकडे होतं. दाबायचं तर तिनं अंगठ्यानं दाबायला हवं होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, हात लावा, पलंग पुन्हा फिरवू. तो दोन पावलं मागे सरला. “नको ताई. आते बरं शे. राहू द्या.” त्याचीही काय चूक म्हणा, बायको जिवंत मिळाली होती आणि ती कशामुळे मिळाली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मते लिंबामुळे. मी मग त्यांच्याच डब्यातला एक स्टीलचा चमचा घेतला, तोच पडलेला पेला घेतला आणि दोन्ही तिच्या उशाशी ठेवले. चमच्याला पहिली-दुसरी असा काही नियम नव्हता.

मग मी तिला विचारलं. ते विचारायचं मी टाळत आले होते, पण राहवेना. “त्या दिनले बेल एकदाच का वाजाडी? पुन्हा का नही दाबी?”

ती ओशाळली. “एकदाच वाजाडानी आसं सांगेल व्हतं ना त्या मोठ्या सिस्टरनी.” मग म्हणाली, “आनि बाजूना बाबा कवयना वाजाडी ऱ्हायंतात. म्हनलं त्यासले जास्त तरास व्हई ऱ्हायना व्हई. सिस्टर पहिले त्यासनाकडे जातीन. मंग मी कसाले आखो वाजाडू?”

म्हणजे तो म्हातारा तिच्या कण्हण्याचा त्रास होतो म्हणून बेल वाजवत होता, आणि ही रक्तात पडून, त्याला आपल्यापेक्षा जास्त दुखत असेल म्हणून हात आवरून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्यावर ओरडले. पेशंटवर मी कधी ओरडत नसे, त्या म्हाताऱ्यावरसुद्धा नाही. “मरी जाती तू! समजनं का? घे तो चमचा. वाजाड!”

तिनं घाबरून चमचा उचलला आणि पेल्यावर टेकवला. आवाज पलंगाबाहेरही गेला नसेल.

“जोरात वाजाड!”

तिनं एकदा जोरात मारला. टण्ण झालं. आणि भिंतीपलीकडून लगेच म्हातारबुवांचा आवाज आला: “काय चाललंय तिकडे! हे हॉस्पिटल आहे की लग्नघर?”

तिनं चमचा खाली ठेवला. “दखा ताई,” हळू आवाजात म्हणाली, “त्यासले तरास व्हस.” आणि पेला-चमचा दोन्ही उशीखाली सारले. मी काढून ठेवायची, ती परत सारायची. ती असेपर्यंत मीच जाता-येता डोकावत राहिले, माझी पाळी नसली की थिएटरच्या मावशींना डोकावायला सांगत राहिले. तिनं पुन्हा काही वाजवलं नाही.

दहावाले तिच्या आधी घरी गेले. जाताना डॉक्टरांपाशी आमची लेखी तक्रार करून गेले, आवाजाबद्दल. त्यांना कुणी ‘या’ म्हटलं नाही, आणि त्या बाबतीत पहिल्यांदाच माझं आणि सिनियर सिस्टरचं एकमत झालं.

तिचे टाके निघाले. शनिवार नव्हता. नवऱ्याच्या हाताला धरून ती हळूहळू पॅसेज चालत काउंटरपर्यंत आली. जिना उतरायच्या आधी थांबली, सिनियर सिस्टरसमोर उभी राहिली आणि दोन्ही हात जोडले. माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांना फार धावपळ झाली, चादरही वाया गेली, माफ करा, असं तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

सिनियर सिस्टर खुर्चीवरून उठल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “कोई बात नहीं, बेन. हो जाता है.”

माफ केलं तिला.